नंबर एकचा धूर

माझे मामा आकाशाकडे बघत उभे राहायचे आणि त्याचा त्यांना दर महिन्याला पगार मिळायचा. नगरपालिकेत ते धूर-निरीक्षक होते. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर किती काळा आहे ते ठरवायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही ठोकायची, एवढंच काम. पण मामा ते अशा थाटात करायचे, की बघणाऱ्याला वाटावं, यांची परवानगी असल्याशिवाय धूर वर जातच नसेल. पाठीमागे सगळे त्यांना धूरमामा म्हणायचे. तोंडावर अर्थात साहेब.

धूर मोजायला त्यांच्याकडे यंत्र वगैरे काही नव्हतं. एक कार्ड होतं. वहीच्या पानाएवढं, जाड पुठ्ठ्याचं, वरून प्लास्टिकचा गुळगुळीत मुलामा दिलेलं. त्यावर ओळीनं पाच चौकोन. पहिला पांढरा, पाचवा काळा, मधले तीन करड्या रंगाचे, एकापेक्षा एक गडद. सूर्य पाठीशी घ्यायचा, हात ताठ करून कार्ड समोर धरायचं, एक डोळा मिटायचा आणि धुराचा रंग कुठल्या चौकोनाशी जुळतो ते बघायचं. दर मिनिटाला एकदा, असं सहा वेळा. पहिल्या चौकोनाशी जुळला तर नंबर एक, म्हणजे धूर स्वच्छ. नंबर तीन किंवा त्याच्या वर गेला तर कारखान्याला नोटीस आणि बॉयलर बंद.

कार्ड एका पत्र्याच्या डबीत असायचं. डबीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी डकवलेली होती: ‘कार्डाला ओला किंवा कोरडा फडका लावू नये. हुकुमावरून.’ खाली सही. हुकूम मामांचाच. ते नोकरीला लागले तेव्हाचं कार्ड साध्या कागदाचं होतं आणि आधीच्या निरीक्षकानं ते पुसताना तिसऱ्या चौकोनाची शाई चौथ्यात उतरवली होती. मामांनी आल्या आल्या नवं कार्ड मागवलं आणि त्याच्यासोबत हा हुकूम काढला. नवं कार्ड मुलाम्याचं होतं, शाई पसरायचा प्रश्नच नव्हता, पण हुकूम काढला तो काढला. बावीस वर्षं ते कार्ड कुणी पुसलं नाही. मामा ते हातात धरून रोज कुठल्या ना कुठल्या धुराखाली उभे राहायचे.

आणि या बावीस वर्षांत शहरातला धूर दरवर्षी थोडा थोडा स्वच्छ होत गेला. वहीत. पहिल्या वर्षी निम्मी धुराडी नंबर तीनला होती. दहा वर्षांनी बहुतेक दोनवर आली. शेवटी शेवटी तर एकजात सगळी एकवर. कारखाने दुप्पट झाले होते, पण मामांच्या धाकानं धूर सुधारला होता. मोठे साहेब प्रत्येक बैठकीत मामांच्या वहीचा आलेख दाखवायचे, आणि खिडकी बंद करायला सांगायचे, कारण बाहेरून काजळी यायची.

मामांना आगीचाच मुळात तिटकारा. “आग ही अडाणी गोष्ट आहे,” असं ते जेवताना सांगायचे. नव्या वसाहतीत टेकाडावर पाचव्या मजल्यावर त्यांचं घर, पांढऱ्या फरश्यांची गॅलरी, आणि घरात काडेपेटीसुद्धा नाही. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर, अंघोळीचं पाणी विजेवर, थंडीत पाय शेकायला विजेची पेटी. “आमच्या घरात आग नाही,” हे ते अशा सुरात म्हणायचे, जसं दुसरं कुणी म्हणावं की आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही. मी एकदा विचारलं, “मामा, ही वीज येते कुठून?” ते म्हणाले, “तारेतून.” नदीपलीकडे वीजकेंद्र होतं, तिथे रोज मालगाडीभर कोळसा जळायचा. तेही मी सांगून बघितलं. मामा म्हणाले, “ते माझ्या हद्दीत येत नाही.”

आगीबद्दल बोलायचा खरा अधिकार माझ्या आईला होता. ती मामांची थोरली बहीण. ते एका खोलीच्या घरात वाढले, कोपऱ्यात चूल. आजी सकाळीच कामाला जायची, म्हणून चूल आईकडे, वयाच्या नवव्या वर्षापासून. ओली लाकडं, हातात फुंकणी, नाका-डोळ्यांतून पाणी. मामा तेव्हा उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून अभ्यास करायचे, कारण धुरानं त्यांचे डोळे चुरचुरायचे. आईचे चुरचुरत नसावेत असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं.

पण आई त्या चुलीबद्दल वाईट बोलत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. ती म्हणते, लाकूड आम्हीच वेचून आणायचो, डोक्यावरून, म्हणून एक काटकी जास्त जळली तरी जिवाला लागायचं. रात्री निखारे राखेत झाकून ठेवायचे. सकाळी विझलेले निघाले तर शेजारून मागून आणायचे. आग घरातल्या माणसासारखी होती, तिचं खाणं-पिणं डोळ्यांसमोर. आता बटण दाबतो आपण. किती जळलं, कुठे जळलं, कुणाच्या दारात राख पडली, कुणाला पत्ता नाही. असं आई म्हणते, आणि मग खोकते.

त्या खोकल्यावरच सगळं येऊन ठेपलं.

आईच्या घरामागे, भिंतीला भिंत लागून, एक धुलाई कारखाना आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुतात. पांढऱ्या शुभ्र घड्या गाडीत भरून पुढच्या दारानं बाहेर पडतात, आणि मागच्या धुराड्यातून काजळी आईच्या घरावर. आधी बॉयलरमध्ये कोळसा जळायचा, मग भुसा, आणि गेली काही वर्षं चपलांच्या कारखान्यातली रबराची आणि रेक्झिनची कात्रणं, कारण ती जवळजवळ फुकट मिळतात. आईच्या हातात दिवसभर ओलं फडकं. खिडकी, टेबल, गच्चीचा कठडा, जिन्याचा कठडा, भांडी घासून पालथी घातलेली तरी पुन्हा. दिवसातून पाच वेळा. बोलता बोलता तिनं माझा गालही पुसलाय.

तिनं चौदा तक्रारी केल्या. प्रत्येक तक्रारीची चौकशी करायला नियमाप्रमाणे धूर-निरीक्षक यायचे, म्हणजे तिचा सख्खा भाऊ. चहा व्हायचा. मग गच्चीवर जाऊन मामा सूर्याकडे पाठ करायचे, एक डोळा मिटायचे आणि सहा मिनिटांनी खाली येऊन सांगायचे, “ताई, नंबर एक.”

“अरे, माझ्या चादरीकडे बघ.”

“चादरीचं मोजमाप आमच्याकडे नाही. आणि खरं सांगू का? तुझी छाती त्या चुलीनं गेलीय. लहानपणीच. उगाच कारखान्याला दोष कशाला?”

हे ऐकून मला असा संताप यायचा, की मी त्यांच्यापुढचा बिस्किटांचा डबा उचलून आत ठेवायची. चुलीपाशी कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं, हे आईनं मात्र एकदाही काढलं नाही.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी एक हिवाळा या धुरात काढणं आईला झेपणार नाही. धूर तरी हलवा, नाहीतर त्यांना तरी हलवा. आईला मी माझ्याकडे चल म्हटलं. ती म्हणाली, “हे घर मी तीस वर्षं शिवणकाम करून उभं केलंय. धुराडं माझ्या नंतर आलं. त्यानं जावं.” आणि तिनं पंधरावी तक्रार लिहिली.

मामांच्या निवृत्तीला तेव्हा पंधरा दिवस उरले होते. निवृत्तीच्या दिवशी मोठा सत्कार ठरला होता. ‘धूरमुक्त शहर’ असं कोरलेला पितळी फलक मामांना मिळायचा होता. ते आले तेच तरंगत. गच्चीवर गेले, डबी उघडून कार्ड बाहेर काढलं, आणि तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. गच्चीवर ऐकू येईना म्हणून कार्ड कठड्यावर ठेवून ते खाली उतरले. फलकावर नाव कसं लिहायचं याची चर्चा बराच वेळ चालली.

आई कठडा पुसत होती. मी समोरच बसले होते, हे डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. तिनं काही मुद्दाम केलं नाही. कठडा पुसता पुसता वाटेत कार्ड आलं. तिनं ते उचललं, खाली पुसलं, मग सवयीनं कार्डही पुसलं. पुढून, मागून, कडेनं. फडकं बादलीत पिळलं तेव्हा पाणी काळं झालं. तिनं कार्ड पुन्हा पुसलं.

मामा वर आले आणि किंचाळले, “ताई! हुकूम आहे!”

“मळलं होतं रे.”

“मळलं नव्हतं! तो त्याचा रंग आहे!”

त्यांनी ते हिसकावून घेतलं. पहिला चौकोन चक्क पांढरा झाला होता. त्याचा तसा रंग मामांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी सवयीनंच सूर्य पाठीशी घेतला, हात ताठ केला, डोळा मिटला. समोर धुराड्यातून रोजचा तोच धूर निघत होता. मामांचा अंगठा पहिल्या चौकोनावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि चौथ्यावर थांबला. एक मिनिट गेलं. पुन्हा चौथा. सहाच्या सहा वेळा चौथा. मग त्यांनी जरा वळून बेकरीचं धुराडं बघितलं, त्यापलीकडचं विटांच्या भट्टीचं, लोखंडाच्या कारखान्याचं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो एकदाही पहिल्या चौकोनावर परतला नाही.

“किती?” आईनं विचारलं.

मामांनी घसा खाकरला. “कार्ड ओलं आहे. ओल्या कार्डावर नोंद घेता येत नाही.”

“असा कुणाचा नियम?” मी विचारलं.

“आहे,” मामा म्हणाले. मला वाटतं, तो त्यांनी तिथल्या तिथे केला. वहीत त्यांनी लिहिलं: ‘निरीक्षण अपूर्ण. कार्ड ओले.’ आणि चहा न घेता निघून गेले.

चार दिवसांनी ते परत आले, कधी नव्हे ते पडलेल्या चेहऱ्यानं. झालं होतं असं. निवृत्त होणाऱ्या माणसाला सगळं सामान स्टोअरमध्ये जमा करावं लागतं. स्टोअरच्या कारकुनानं डबी उघडली, डेडस्टॉकची वही काढली आणि मान हलवली. वहीत गेल्या वार्षिक तपासणीत लिहिलं होतं, ‘कार्ड, नग एक, रंग करडा.’ समोर होतं ते पांढरं. कारकून म्हणाला, “साहेब, हे आमचं नव्हे.” आता ते आमचंच आहे असं सिद्ध करायचं, तर करडं होतं ते पांढरं कसं झालं ते सांगावं लागणार. ते सांगितलं की बावीस वर्षांच्या वह्या उघडाव्या लागणार. आणि इकडे पितळी फलक कोरून तयार.

“मग पुन्हा काळं करा,” मी म्हटलं. मी टोमणा मारला होता.

“तेच करायचंय,” मामा म्हणाले. “पण आमच्याकडे काळं करायला काही नाही.”

मला हसू आवरेना. ज्या घरात काडेपेटी नाही, मेणबत्ती नाही, चूल नाही, त्या घरात चिमूटभर काजळी आणणार कुठून? मामींनी विजेच्या शेगडीवर भाकरीचा तुकडा जाळून बघितला म्हणे, पण त्यानं नुसता वास सुटला. शेवटी काजळीसाठी मामांना आख्ख्या शहरात एकच भरवशाचं ठिकाण आठवलं. सख्ख्या बहिणीची गच्ची.

“ताई, आठ-दहा दिवस इथे ठेवू?”

मी तोंड उघडणार होते. आईनं हातानं मला थांबवलं. “ठेव,” ती म्हणाली. “कठड्यावरच ठेव. तेवढी जागा मी पुसणार नाही.”

तिनं शब्द पाळला. रोज कठडा पुसायची, कार्डाशी आली की फडकं उचलायची, पलीकडे ठेवायची. मी रोज जाऊन बघत होते. तिसऱ्या दिवशी पांढरा चौकोन पिवळट दिसायला लागला. पाचव्या दिवशी मळकट. आठव्या दिवशी तो पुसण्याआधी होता तितकाच करडा झाला.

आठव्या दिवशी मामा आले. आई त्यांच्याबरोबर जिना चढली, तीन वेळा थांबून. मामा वर पोचून वाट बघत राहिले आणि मला वाटतं, ते थांबणं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. त्यांनी कार्ड उचललं. त्यावरून बोट फिरवलं. बोटाखाली पांढरी रेघ उमटली.

“आठ दिवसांत?” ते म्हणाले. “ताई, आठच दिवसांत?”

“कार्ड तरी पुसता येतं,” आई म्हणाली. “मी आतलं कशानं पुसू?”

मामांनी बॅगेतून वही काढली, ‘निरीक्षण अपूर्ण, कार्ड ओले’ हे खोडलं, त्यावर लिहिलं: ‘नंबर चार’, आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मला मामा आवडले. मी स्वतः आत जाऊन त्यांच्यासाठी चहा केला, बिस्किटांचा डबाही पुढे ठेवला.

पण मामा मला आवडले ते चहा संपेपर्यंतच. चहा संपल्यावर त्यांनी कार्ड उचललं, आपण ओढलेली बोटाची रेघ कठड्यावरची काजळी लावून नीट बुजवली, आणि ते डबीत ठेवून झाकण लावलं.

“हे काय, मामा? पुसा ना ते! पुढचा माणूस याच्यावरच मोजणार!”

“स्टोअरला रंग जुळवून द्यायला लागतो,” ते म्हणाले. “एका माणसानं किती करायचं?”

सत्कार झाला. सकाळी अकरा वाजता ‘धूरमुक्त शहर’चा फलक मामांच्या हातात पडला आणि मोठ्या साहेबांनी आलेख दाखवला. दुपारी चार वाजता धुलाई कारखान्याला नंबर चारची नोटीस गेली. आलेखावर आणि नोटिशीवर सही त्याच मोठ्या साहेबांची, एकाच पेनानं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बॉयलर अकरा दिवस बंद राहिला. ते अकरा दिवस आईनं खिडक्या उघड्या ठेवून काढले. मग कारखान्याच्या मालकानं उपाय सादर केला आणि तो ताबडतोब मंजूर झाला. उपाय असा, की जळायची ती कात्रणंच जळणार, फक्त धुराडं चाळीस फूट उंच करायचं, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको. धुराडं वाढलं. धूर आता आईच्या डोक्यावरून वरच्या वर जातो. तिचा हिवाळा निभावला. खोकला आहे, पण जिना ती एकदाच थांबून चढते, आणि फडकं पाचाऐवजी दोनदा फिरवते. डॉक्टर खूश आहेत. मीही आहे, खोटं कशाला बोलू?

पण धूर काही विरून जात नाही. त्या उंचीवर तो वाऱ्यावर बसतो आणि टेकाडावरच्या नव्या वसाहतीत उतरतो. साधारण पाचव्या मजल्याला.

आधी मामींचा फोन आला, की पांढऱ्या फरश्यांवर पावलं उमटतात. मग मामा रात्री बसून झोपतात असं कळलं. मग मामांनी रीतसर तक्रार केली. नवे निरीक्षक आले, पस्तिशीचे, अतिशय नम्र. त्यांनी गॅलरीत उभं राहून पत्र्याची डबी उघडली. त्यापुढचं सगळं मामांनी आमच्याकडे येऊन सांगितलं, आईसमोर बसून, खाली मान घालून.

“सूर्य पाठीशी घेतला त्यानं. अगदी बरोबर. सहा वेळा बघितलं. म्हणाला, नंबर एक, साहेब. मी म्हटलं, अहो, ते कार्ड मळलंय, पुसा ते. तर तो म्हणतो, पुसायचं नाही, हुकूम आहे. झाकण उघडून मलाच वाचून दाखवला. खाली माझीच सही.”

“मग?” आईनं विचारलं.

“मी म्हटलं, मला श्वास लागतो हो. तर म्हणाला, साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण लहानपणी घरात चूल होती का? त्यानं छाती कायमची जाते. मी म्हटलं, होती. पण मी बाहेर बसायचो.”

मामांनी हे वाक्य आजवर कधी उच्चारलं नव्हतं, आईसमोर तर नाहीच.

आईला आधी हसू आलं, मग हसता हसता खोकला आला, मग डोळ्यांत पाणी. तिनं डोळे पुसले, उठली, कपाटातून एक जुनी चादर काढली, दातानं कड तोडून ती मधोमध फाडली आणि अर्धी मामांच्या हातात दिली.

“ओलं करून पूस,” ती म्हणाली. “कोरडं फिरवलंस तर फरशीवर चरे पडतात. आणि सकाळी पुसलंस म्हणून बसून राहू नकोस, दुपारी पुन्हा पुसावं लागतं.”

मामांनी फडक्याची नीट घडी घातली आणि बॅगेत ठेवली, जिथे पूर्वी डबी असायची तिथे.